रंध्याच्या आवाक्यातले विमान

मिरजेच्या सतारमेकर गल्लीत लाकडाकडून जे काम करून घेतले जाते, जवळपास तेच काम दोन महायुद्धांच्या मधल्या काळात लंडनच्या वायव्येला स्टॅग लेन येथल्या एका कारखान्यातही करून घेतले जात होते. लाकूड होईल तितके पातळ करायचे, पण ते ताणाखाली पिळवटता कामा नये. आतून पोकळ ठेवायचे, पण अंगात बळ हवे. खिळ्यांवर भिस्त न ठेवता सांधा चिकटवून असा बसवायचा, की तो लाकडापेक्षा पक्का ठरावा. मिरजेत या कसबातून तंबोरा निघे, स्टॅग लेनला त्यातून दोन माणसांना घेऊन उडणारे विमान निघे. या दोन सुतारकामांची गाठ कधी पडली नाही. ती का पडली नाही, या प्रश्नाला ठरलेली दोन उत्तरे आहेत: आपल्याकडे तंत्र नव्हते आणि पैसा नव्हता. दोन्हींत तथ्य आहे, पण दोन्ही अपुरी आहेत. १९२५ पासून दुसऱ्या महायुद्धापर्यंतची जेमतेम पंधरा वर्षे विमान ही वस्तू सुताराच्या रंध्याच्या आवाक्यात होती. दक्षिण महाराष्ट्रात त्या रंध्याला साजेसे हात होते, आश्रय देणारे संस्थानिक होते, कारखाना कसा उभारायचा हे जाणणारे लोकही होते. नव्हती ती या तिघांना बांधणारी मधली कडी, म्हणजे आराखडा काढणारी, नमुना मोडून पाहणारी आणि परवाना देणारी व्यवस्था. ती व्यवस्था इथे घडू देण्यात सत्तेला रस नव्हता, आणि ती मागायचे आपल्यालाही सुचले नाही.

आधी ते विमान काय होते ते पाहू. जेफ्री डी हॅविलँड याने २२ फेब्रुवारी १९२५ रोजी स्टॅग लेनवरून 'डीएच-६०' हे दोन आसनी, दुपंखी विमान स्वतः उडवले आणि त्याचे नाव 'मॉथ' ठेवले. त्याला फुलपाखरे आणि पतंग जमवण्याचा छंद होता, आणि या विमानाचे पंख पतंगासारखे मागे मिटत. मराठीत 'पतंग' या एकाच शब्दात दिव्यावर झेपावणारा किडाही येतो आणि दोऱ्याने उडवायचा कागदही येतो. हे विमान खरोखर दोहोंच्या मधले होते. धडाला स्प्रूस लाकडाचे चार लांब वासे, त्यांवर प्लायवूडची कातडी. पंखांत पुन्हा स्प्रूसचेच वासे, त्यांवर हलक्या लाकडी फासळ्या, वर लिननचे कापड आणि ते ढोलकीच्या पुडीसारखे ताणून बसावे म्हणून त्यावर 'डोप' नावाच्या लुकणाचे हात. पंखांचा विस्तार ९ मीटरच्या आसपास. पंख मिटले की रुंदी दहा फुटांच्या घरात येई आणि विमान शेडमध्ये ढकलून ठेवता येई. इंजिनाची गोष्ट तर आपल्याकडच्या जुन्या बाजारात शोभण्यासारखी आहे. युद्ध संपल्यावर पडून राहिलेल्या आठ सिलिंडरी रेनो इंजिनांचा अर्धा भाग घेऊन फ्रँक हालफर्डने चार सिलिंडरांचे, ६० अश्वशक्तीचे 'सिरस' इंजिन उभे केले. हे भंगार संपत आले तेव्हा १०० अश्वशक्तीचे 'जिप्सी' इंजिन आले आणि १९२८ पासून विमान 'जिप्सी मॉथ' म्हणून जगभर गेले. पुढच्या जागेत प्रवासी, मागच्या जागेत वैमानिक, आणि शिकवण्यासाठी दोन्हीकडे सुकाणू.

या विमानामागची व्यवस्था विमानाइतकीच महत्त्वाची होती. ब्रिटनच्या मुलकी विमानखात्याचे संचालक सर सेफ्टन ब्रँकर यांनी १९२५ मध्ये सरकारी अनुदानावर हलक्या विमानांचे क्लब काढायची योजना आणली. क्लबांनी विमाने घेतली, कारखान्याला गिऱ्हाईक मिळाले, उत्पादन वाढल्याने किंमत उतरली, आणि उतरलेल्या किमतीने आणखी क्लब निघाले. सुरुवातीला नऊशे पौंडांच्या आसपास असलेले विमान काही वर्षांत ६५० पौंडांना मिळू लागले. त्या वेळी रुपयाचा दर १ शिलिंग ६ पेन्स होता, म्हणजे आपल्याकडच्या हिशेबाने सुमारे ८,६६७ रुपये. सामान्य माणसाला ही रक्कम स्वप्नातही न झेपणारी, पण संस्थानिक, गिरणीमालक किंवा मोठा व्यापारी यांना ती अशक्य नव्हती. एवढे मान्य केले की 'पैसा नव्हता' या उत्तराची धार बरीच बोथट होते.

हिंदुस्थानात ही योजना लगेच पोचली. १९२७ मध्ये मुलकी विमान संचालनालय आणि एअरो क्लब ऑफ इंडिया अँड बर्मा ही दोन्ही निघाली. पाठोपाठ दिल्ली, मुंबई, कराची आणि कलकत्ता येथे उड्डाण क्लब सुरू झाले. मुंबईच्या क्लबला जुहूची खाजणाची जमीन मिळाली. तिथे शिकलेल्या जे. आर. डी. टाटांना १० फेब्रुवारी १९२९ रोजी इथल्या एअरो क्लबचा पहिल्या क्रमांकाचा परवाना मिळाला. त्याच वर्षी आगाखानांनी इंग्लंड-हिंदुस्थान प्रवास एकट्याने करणाऱ्या पहिल्या भारतीयासाठी ५०० पौंडांचे बक्षीस लावले. मनमोहन सिंग, अस्पी इंजिनियर आणि जे. आर. डी. या तिघांनीही ती स्पर्धा १९३० मध्ये जिप्सी मॉथमधूनच लढवली. इजिप्तमधल्या अबूकीरला जे. आर. डी. आणि अस्पी समोरासमोर आले. अस्पीजवळ जादा स्पार्क प्लग नव्हते, टाटांनी आपले दिले, आणि पुढे बक्षीस अस्पीने नेले. या किश्शात सहसा टाटांचे औदार्य सांगितले जाते, आणि ते खरेच आहे. मला मात्र त्यात दुसरेही काही दिसते. तीन भारतीय तरुण, तिघांची एकाच कारखान्याची विमाने, आणि चार प्लग कमी पडले तर ते पुरवायला वाटेत कोणीही नाही. उडणे आपण फार लवकर शिकलो. उडणारी वस्तू मात्र तयार होऊनच बोटीने येत राहिली.

मॉथ केवळ इंग्लंडात बनत होते असेही नाही. परवाना घेऊन ते फ्रान्समध्ये, अमेरिकेत, ऑस्ट्रेलियात आणि नॉर्वेतही बनवले गेले. ऑस्ट्रेलिया तर त्याच साम्राज्यातला आणि नॉर्वे काही बलाढ्य औद्योगिक राष्ट्र नव्हे. या यादीत हिंदुस्थान नाही. इथल्या क्लबांना सरकारने विमाने दिली, अनुदान दिले, शिक्षक दिले. बांधणीची कार्यशाळा दिली नाही. क्लबच्या शेडमध्ये फाटलेले कापड शिवणारा, मोडलेली फासळी बदलणारा सुतार असे, पण त्याचे काम दुरुस्तीच्या पुढे जात नसे.

आता मिरजेकडे वळू. मराठेशाही संपल्यावर शस्त्रांची मागणी ओसरली आणि तलवारींना धार लावणाऱ्या, त्यांना पाणी देणाऱ्या शिकलगार घराण्यांपुढे पोटाचा प्रश्न उभा राहिला. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर फरीदसाहेबांसारख्या कारागिरांनी सतारी आणि तंबोरे दुरुस्त करता करता ते बनवायला घेतले. संस्थानिक बाळासाहेब पटवर्धन यांच्या काळात गावात गाणे होते, गवयी होते, त्यामुळे वाद्यांना गिऱ्हाईक होते. पुढे अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत स्थिरावले आणि मिरजेच्या तंबोऱ्याची कीर्ती देशभर झाली. मंगळवेढा-पंढरपूर भागातून भोपळा येतो. तो वाळवून कापायचा, त्यावर पातळ तबली बसवायची, तून लाकडाची दांडी आतून कोरायची, सरस लावून शिकंज्यात आवळायची, खुंट्या घालायच्या आणि शेवटी जवारी काढायची. तारांचा अखंड ताण सोसूनही दांडी वाकू नये आणि तबली खचू नये, हा या कामाचा कस. लोखंडावर ज्यांच्या पिढ्या गेल्या त्या लोकांनी एका पिढीत लाकूड हाती घेतले आणि त्यात नाव काढले. त्यामुळे 'आपला कारागीर बापजाद्यांचा धंदा सोडत नाही' हे नेहमीचे म्हणणे निदान मिरजेपुरते तरी टिकत नाही.

यावर पहिला आक्षेप ताबडतोब येईल आणि तो रास्तच आहे: तंबोरा म्हणजे विमान नव्हे. तंबोरा फुटला तर मैफल थांबते, पंख तुटला तर माणूस मरतो. तंबोऱ्याचा निवाडा कान करतो. पंखाच्या वाशाला किती भार पेलायचा आहे हे आधी गणिताने काढावे लागते, मग त्याच्या कैकपट भार घालून नमुना मोडून पाहावा लागतो. इंग्लंडातच याचा धडा मिळाला. फ्रान्सच्या आंरी मिन्ये याने १९३४ मध्ये घरच्या घरी बांधता येईल अशा 'उडत्या पिसू'चे पुस्तक काढले आणि हौशी लोकांनी परसात प्लायवूडची विमाने जोडायला सुरुवात केली. एकामागून एक अपघात झाले, माणसे गेली, आणि त्या विमानांवर बंदी आली. पण त्यातला दोष कुठला होता? वाऱ्याच्या बोगद्यात तपासल्यावर दिसले, की पुढचा आणि मागचा पंख जवळ असल्याने विमानाने एकदा नाक खाली घातले की ते वर निघत नाही. सांधे धडधाकट होते. चूक रंध्याची नव्हती, आराखड्याची होती. म्हणजे आक्षेप खरा, पण तो कारागिराला लागू पडत नाही. कारागिराला माप आणि आराखडा पुरवणारा कोणीतरी शेजारी हवा, एवढेच त्यातून निघते.

आणि माप ही गोष्ट मिरज-सांगलीला परकी नव्हती. सांगलीचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी तारेची लांबी मोजून बावीस श्रुतींचे गणित मांडले आणि १९१० मध्ये त्यावर इंग्रजीत पुस्तक प्रसिद्ध केले. या प्रयोगांत अब्दुल करीम खाँसाहेबांच्या गळ्याची आणि कानाची त्यांना साथ होती. न्यायाधीश ई. क्लेमंट्स यांनी या कामात रस घेतला आणि श्रुतींप्रमाणे स्वर लावलेली खास हार्मोनियम बनवून घेतली गेली. गवई जे कानाने जोखत होता ते इथे लांबीत आणि आकड्यांत उतरले. कान आणि मोजपट्टी एका टेबलावर आणायला या मातीत कोणाची आडकाठी नव्हती. पण ती हार्मोनियम बनली कुठे? लंडनमध्ये. गणित सांगलीचे, स्वर मिरजेचा, सुतारकाम तिकडचे. विमानाच्या बाबतीत जे घडणार होते, त्याची ही रंगीत तालीमच म्हणायची. हार्मोनियम करायला तर कोणत्याही कायद्याची अडचण नव्हती. मिरजेच्या वाद्यकारांच्या अंगणात शिजलेली कल्पना त्यांच्याकडे न जाता बोटीने गेली, याचा दोष सरकारवर ढकलता येत नाही. शिकलेला माणूस आणि हाताने काम करणारा माणूस यांच्यामध्ये आपल्याकडे जी भिंत आहे, ती याला कारण आहे.

विमानाच्या बाबतीत मात्र कायदाही आडवा होता. राइट बंधूंच्या उड्डाणाला आठ वर्षे होतात न होतात तोच, १९११ मध्ये, हिंदुस्थानात 'एअरशिप्स' कायदा झाला. १९३४ मध्ये त्याच्या जागी विमान कायदा आला. त्याच्या शीर्षकातच नियंत्रण कशाकशावर ते क्रमाने सांगितले आहे, आणि त्या यादीत पहिला शब्द आहे 'निर्मिती'. मग बाळगणे, वापरणे, चालवणे, विकणे, आयात, निर्यात. हा कायदा इतका चिवट की तो जाऊन भारतीय वायुयान अधिनियम यायला २०२४ साल उजाडावे लागले. हवेतल्या वस्तूंवर नियंत्रण हवेच, ते इंग्लंडातही होते. फरक असा की तिथे निरीक्षक कारखान्याच्या दारात उभा होता आणि त्याला रोज काम होते. इथे नियम आला, नियमाखाली बांधायला शिकवणारे कोणी आले नाही. कोणी म्हणेल, मिरज हे संस्थान होते, ब्रिटिश मुलखाचा कायदा तिथे जसाच्या तसा चालत नव्हता. कागदावर ते बरोबर आहे. पण पटवर्धनी संस्थानांच्या हद्दी गोधडीच्या तुकड्यांसारख्या होत्या. मिरजेहून उडालेले विमान काही मिनिटांत कोणा दुसऱ्याच्या नाहीतर ब्रिटिशांच्या मुलखावर जाणार, आणि तिथे त्याला नोंदणी, परवाना, प्रमाणपत्र हे सगळे लागणारच. बैलगाडीला संस्थानची हद्द पुरते, विमानाला पुरत नाही.

दुसरा आक्षेप लाकडाचा आणि हवेचा. स्प्रूस अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरून यायचा, आपला पाऊस लाकूड फुगवतो, दुधातल्या केसीनपासून केलेल्या सरसाला दमटपणात बुरशी लागते, तेव्हा लाकडी विमान हे उष्ण देशाचे कामच नव्हे, असे म्हटले जाते. डी हॅविलँड कंपनीलाही हे ठाऊक होते. परदेशी गिऱ्हाइकांसाठी तिने धडाला पोलादी नळ्यांचा सांगाडा असलेला 'मेटल मॉथ' काढला. पण त्याचेही पंख लाकडीच राहिले, आणि तसेच ते इथे वर्षानुवर्षे उडले. जे. आर. डी. टाटांनी १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला टपाल आणले ते 'पस मॉथ'ही पोलादी सांगाड्याचे आणि लाकडी पंखांचे होते. पावसाळ्यात जुहूचे खाजण पाण्याखाली गेले की टाटांची विमाने पुण्याला हलत. म्हणजे अडचण आधी जमिनीची होती. स्प्रूसची एक जात हिमालयातही वाढते. आणि मिरजेचा पाऊस कोकणाच्या पावसाच्या पासंगालाही पुरत नाही. घाटाच्या आडोशाला असलेल्या या कोरड्या पट्ट्यात सरसाचे सांधे कसे टिकतात याचा अनुभव वाद्यकारांच्या गाठी दोन-तीन पिढ्यांचा होता.

या आक्षेपाची कसोटी युद्धात लागली. 'मॉस्किटो' हे डी हॅविलँडचेच लाकडी लढाऊ विमान. १९४४ मध्ये हिंदुस्थानात त्याचे पंख हवेतच तुटण्याचे अपघात झाले आणि नोव्हेंबरात विमाने जमिनीवर ठेवावी लागली. सुरुवातीला सगळ्यांचे बोट इथल्या उन्हाकडे आणि पावसाकडे. चौकशा झाल्या. कंपनीच्या माणसाने पावसाळ्यात लाकूड आक्रसते-फुगते असे कारण दिले. दुसऱ्या चौकशीत मात्र कारखान्यातच सांधे नीट न बसवल्याचा ठपका ठेवला गेला. मला यातले दुसरे अधिक बोलके वाटते. फट राहिलेला सांधा मान्सून उघडा पाडतो. नीट बसलेला सांधा तो सहसा पाडत नाही. तंबोरा करणाऱ्याला हे सांगायला चौकशी समिती लागली नसती. जाता जाता आणखी एक गोष्ट. मॉस्किटोच्या प्लायवूडवर जे सुती कापड ताणून लावत, त्याचे नाव 'मादापोलम', आणि ते नाव आंध्रात नरसापूरजवळच्या एका गावावरून पडलेले आहे. कापडाचे नाव आपल्याकडचे, विमान मात्र परके.

तिसरा आक्षेप सगळ्यांत वजनदार: खाजगी कारागिरी, एखादा संस्थानिक आणि थोडे गणित एवढ्यावर विमान कुठे बनले आहे का? बनले आहे. पोलंड हा १९१८ मध्ये पुन्हा उभा राहिलेला, युद्धाने पोळलेला देश. वॉर्सॉ पॉलिटेक्निकमधल्या रोगाल्स्की, विगुरा आणि ड्झेविएत्स्की या विद्यार्थ्यांनी वसतिगृहाच्या तळघरातल्या कार्यशाळेत लाकडाचे दोन आसनी विमान बांधले. त्यांच्या आडनावांच्या आद्याक्षरांवरून त्याला 'आरडब्ल्यूडी-१' म्हणतात, आणि ते १९२८ मध्ये उडाले. चार वर्षांनी त्याच मालिकेतल्या पुढच्या विमानाने झ्विर्को आणि विगुरा या जोडीने युरोपची मानाची प्रवासी-विमान स्पर्धा जिंकली. दोघेही त्यानंतर काही दिवसांतच वादळात विमान तुटून गेले, हेही सांगितले पाहिजे, कारण लाकडी विमानाचा इतिहास नुसता कौतुकाचा नाही. पोलंडकडे आपल्यापेक्षा अधिक काय होते? सुतार दोन्हीकडे होते. त्यांच्याकडे अभियांत्रिकी शाळेच्या तळघरात सुताराचे टेबल होते, आणि स्वतःचे सरकार होते, ज्याला त्या टेबलाचा अभिमान वाटत होता.

अभियांत्रिकीची ही ओढ आपल्या भागात नव्हती असे नाही, फक्त ती दुसरीकडे वळली होती. मिरजेहून पुण्याला जाणाऱ्या रेल्वेमार्गावरच १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानच्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली. लक्ष्मणराव मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली संस्थेत यांत्रिक रेखांकन शिकवणारे, म्हणजे ज्या मधल्या कडीविषयी मी बोलतो आहे तिचा मूर्तिमंत नमुना. त्यांचा मुलगा शंतनुराव अमेरिकेत एमआयटीत शिकून आला. पण किर्लोस्करांची सारी झुंज लाकडाविरुद्धच होती. लाकडी नांगराने जमीन खोल नांगरता येत नाही, आणि लोखंडी नांगराने जमीन विषारी होते ही समजूत खोटी आहे, हे शेतकऱ्याला पटवण्यात त्यांची उमेदीची वर्षे गेली. त्या पिढीला प्रगती म्हणजे ओतीव लोखंड. लाकूड म्हणजे मागासलेपण. आणि त्यात त्यांचे चुकलेही नाही, कारण शेताला नांगर हवा होता, तंबोरा नव्हे. तरी योग पाहा: एकीकडे युरोपात सर्वांत आधुनिक यंत्र लाकडाचे बनत होते, आणि त्याच वेळी आपले सर्वांत आधुनिक डोके लाकडाला हद्दपार करण्यात गुंतले होते. किर्लोस्करवाडी आणि सतारमेकर गल्ली यांच्यात अंतर थोडेच होते. त्यांना एकमेकांकडे जायचे कारण मात्र नव्हते.

राजाश्रयाचीही तीच गत. कोल्हापुरात राजाराम महाराजांनी १९३९ मध्ये विमानतळ उभा केला. ही दूरदृष्टीच होती, कारण आज त्याच जागेवरून विमाने उडतात. पण विमानतळ म्हणजे विमान उतरवून घेण्याची सोय. विमान बांधण्याची सोय नव्हे. हवाई वाटेचेही तसेच. नकाशावर मुंबईपासून बल्लारीपर्यंत सरळ रेघ ओढली तर ती मिरजेच्या पूर्वेस सुमारे पन्नास किलोमीटरवरून जाते. टाटांच्या पहिल्या टपालाचा मुंबई-मद्रास टप्पा वैमानिक नेव्हिल व्हिंटसेंटने बल्लारीमार्गेच पार पाडला. गाडीला मिरज हे मोठे जंक्शन, हवाई टपालाला थांबा बल्लारीचा.

या ठिकाणी काही वाचकांना शिवकर बापूजी तळपदे आठवतील आणि १८९५ मध्ये गिरगावच्या चौपाटीवर उडालेल्या म्हणवल्या जाणाऱ्या विमानाचा दाखला ते देतील. त्या उड्डाणाचा भरवशाचा समकालीन पुरावा नाही. ज्या 'वैमानिक शास्त्रा'शी ही कथा जोडली जाते, त्यातली विमाने उडू शकत नाहीत हे बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या अभ्यासकांनी १९७४ मध्ये दाखवून दिले. या कथेने आपले एक नुकसान केले आहे. न उडालेल्या विमानाचा अभिमान बाळगताना, खरोखर उडवता आली असती अशा विमानांच्या काळाकडे आपले लक्षच गेले नाही.

मधली कडी अखेर आली, पण महाराष्ट्राबाहेर. वालचंद हिराचंद हे मूळ सोलापूरचे. त्यांनी डिसेंबर १९४० मध्ये म्हैसूर संस्थानच्या भागीदारीत बेंगळुरूला हिंदुस्थान एअरक्राफ्ट उभारली. हाच उद्योजक, हीच मराठी भांडवली हिंमत, पण जमीन आणि पैसा देणारे संस्थान म्हैसूरचे निघाले. तिथे विष्णू माधव घाटगे रुजू झाले. जन्म १९०८, गाव हसूरचंपू, तालुका गडहिंग्लज. म्हणजे मिरजेपासून फार दूरचे नव्हेत. गॉटिंगेनला लुडविग प्रांट्ल यांच्या हाताखाली वायुगतीशास्त्रात पीएच.डी. करून ते परतले होते. कंपनीत त्यांनी पहिले स्वतंत्र काम केले ते 'जी-१' ग्लायडरचे, दहा माणसे नेणारे, लाकडाचे. ऑगस्ट १९४१ मध्ये ते उडाले. माझ्या म्हणण्याला याहून थेट पुरावा मी देऊ शकत नाही. गडहिंग्लजच्या माणसाचे गणित, इथल्या सुतारांचे हात, आणि कारखान्यात बसलेला निरीक्षक हे तिन्ही एकाच छपराखाली येताच, वर्षभराच्या आत लाकूड उडाले. हवामान आडवे आले नाही, जातीचा धंदा आडवा आला नाही. फक्त तोवर उशीर झाला होता. जी-१ एकच बनले. युद्धाने कंपनीला परकी विमाने जोडण्याच्या आणि दुरुस्त करण्याच्या कामाला जुंपले, आणि जगभर विमानाचा सांगाडा झपाट्याने धातूचा होत गेला. धातूच्या पत्र्याला दाबयंत्रे, साचे आणि भट्ट्या लागतात; रंधा आणि पटाशी तिथे उपयोगाची नाहीत.

वालचंदांचे नाव पुढे सांगलीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाला मिळाले. ते महाविद्यालय १९४७ मध्ये, म्हणजे लाकडी विमानांची पंधरा वर्षे सरून गेल्यावर सुरू झाले. घाटगे यांनी आराखडा केलेले दोन आसनी 'एचटी-२' ऑगस्ट १९५१ मध्ये बेंगळुरूहून उडाले. स्वतंत्र भारताने स्वतः आखलेले आणि स्वतः बांधलेले ते पहिले इंजिनाचे विमान, आणि ते संपूर्ण धातूचे होते.